वॉटरमार्कवरचं पान

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसाने दुसऱ्याच्या चुका काढायची सवय एकदम मोडू नये, प्रकृतीवर परिणाम होतो. म्हणून मी दुपारचा मालवणच्या बाजारात छपाईच्या एका दुकानात प्रुफं तपासायला बसतो. दुकानात तीन कम्प्युटर आहेत आणि विकत घेतलेलं सॉफ्टवेअर एकही नाही. फोटोशॉप 7 आहे, ते 2002 सालचं, म्हणजे आमच्या ऑपरेटर पोरापेक्षा वयाने मोठं. ते आजवर पेनड्राइव्हमधून वारसाहक्कानेच चालत आलेलं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ अशी फिकट अक्षरं कायम दिसतात. मालक, म्हणजे दाजी, ती कंपनीची जाहिरात समजतात.

मराठी अक्षरांचं तर विचारूच नका. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी काढली तेव्हा सोबत डोंगल दिला. अंगठ्याएवढा ठोकळा, आधी प्रिंटरच्या पोर्टात बसायचा, पुढे यूएसबीत. तो काढला की श्रीलिपीची वाचा बंद. कंपनीने एवढं कुलूप घातलं, पण ते फोडून देणारे गावोगाव निघाले. आमच्या दुकानात तो ठोकळा कुणी बघितलेलाच नाही. लग्नपत्रिका मात्र धडाधड निघतात.

मार्चात एक बागायतदार आले ते तापूनच. आमच्याच तालुक्यातले.

“गुरुजी, चोर सगळे! कर्नाटकातलो आंबो हाडतत, पेटयेत भरतत नि वर लिवतत देवगड हापूस. अशांका फाशीच देवक व्हयी!”

संताप रास्त होता. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग आहे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने तर 2025 च्या हंगामापासून फळाफळावर स्टिकर आणला. अर्धा क्रमांक वर आणि अर्धा स्टिकरच्या पोटात, तो सोलल्याशिवाय दिसत नाही. आंब्याला डोंगलच बसवला म्हणा ना.

“बरं, तुमच्या पेटीवर काय छापायचं?” मी विचारलं.

“देवगड हापूस.”

“बाग तर मालवणात.”

“मदी एक खाडीच तर आसा!”

आता फोटो. पोराने गुगलवर आंबा शोधला. झकास आंबा, पण अंगावरून तिरका वॉटरमार्क गेलेला. पोराने दुसऱ्या फोटोतलं एक पान कापलं, नेमकं त्या अक्षरांवर ठेवलं, खाली जरा सावली सोडली. काम फत्ते! तेव्हा कुठे मला उमगलं की आमच्याकडून जाणाऱ्या पेट्यांवर आंबा एवढा पालेदार का असतो. स्कुबा डायव्हिंगच्या पोस्टरांवर हेच काम बुडबुडे करतात. पाणी कुठल्या समुद्रातलं ते विचारू नये. तारकर्लीला येणारे पर्यटक विचारतात, तो भाग वेगळा.

मी दाजींना कायदा काढून दाखवला. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 63-बी : चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. पण आपला तर धंदाच.

दाजींनी ‘जाणूनबुजून’वर बोट ठेवलं. “माका खंय काय कळता कम्प्युटरातला?” मग त्यांनी हुकमी पान टाकलं. “लग्नात गाणी वाजवली तर कायदो काय करणा नाय म्हणतत. खरा काय?”

खरं होतं. कलम 52 तशी सूट देतं, अगदी वरातीलासुद्धा.

“मगे पत्रिका काय बारशाची छापतंव?”

या युक्तिवादाला दिल्लीत मोठी फी मिळाली असती.

कायद्याची गंमत अशी की नाटकाला संरक्षण हवं तर ते लिहून किंवा कसंतरी पक्कं झालेलं लागतं. आमच्या दशावतारी नाटकात तर संवाद उभ्या उभ्या सुचतात. त्यातला संकासुर काल जे बोलला ते आज बोलेलच असं नाही, मग कॉपी कोण कशाची करणार? पण 1994 च्या दुरुस्तीने नटाला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलाय. तरी मांडासमोर मोबाइल उभे असतातच. सोंगातल्या राजाने रात्रभर घसा फोडायचा आणि व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे पुढे बसून हात वर धरणाऱ्याने खायचे, हे मला काही पटत नाही.

दाजींना कलमांनी हलवलं नाही, हलवलं ते व्हायरसने. पोराने पत्रिका जुळवायच्या कोरल सॉफ्टवेअरचा नवा क्रॅक, म्हणजे कुलूप फोडायची किल्ली, उतरवला. त्यातली पहिलीच सूचना होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. चोराने सांगितलं कडी काढून ठेवा, याने काढली. दुसऱ्या दिवशी सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, उघडायला जावं तर आत काही नाही. ऐन लग्नसराईत तीन नवऱ्यांचे बाप काउंटरवर उभे. दाजींचा चेहरा तेव्हा मोरीत राहिलेल्या पापलेटासारखा झाला होता.

मग मात्र सूत्रं हलली. मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांचे मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, छपाईच्या धंद्यात वापरायलाही त्यांची मोकळीक आहे, आणि युनिकोड असल्यामुळे मजकूर दुसऱ्या कम्प्युटरवर गेला तरी त्याचा भेंडीबाजार होत नाही. कोरलच्या जागी इंकस्केप आलं, फोटोशॉपच्या जागी गिम्प. पोरगा आठवडाभर रुसला, मग त्यालाच त्यात जास्त कळायला लागलं. बागायतदारांनी स्वतःच्या झाडावरच्या आंब्याचा मोबाइलवर फोटो काढून आणला. त्यावर डाग दिसतो म्हणून तासभर हुज्जत झाली. ‘देवगड’ जाऊन ‘सिंधुदुर्ग हापूस’ आलं, तेही मानांकनाचा कागद दोनदा वाचून दाखवल्यावर.

छपाईला सोडणार इतक्यात ते म्हणाले, “गुरुजी, खाली एक ओळ घाला. आमच्या पेटयेची नक्कल केल्यार कायदेशीर कारवाई होतली म्हणान.”

“घालू की. मजकूर सांगा.”

त्यांनी पिशवीतून दुसऱ्याच कुणाच्या तरी पेटीचं फाडलेलं झाकण काढून माझ्यापुढे ठेवलं.

“ह्याच्यार आसा तसाच घाला. एक शब्द बदलू नकात.”