१२ मीटर, पण कुठून?

ड्रेनेजच्या कामात चार पावसाळे काढलेल्या कुणालाही हा साहेब भेटलेला असतो. साइटवरची पोरं त्यांना 'कुठूनसाहेब' म्हणतात, अर्थात ते पुढच्या मॅनहोलपाशी गेल्यावर.

मलवाहिनीत चाकांचा कॅमेरा सोडलेला असतो. ऑपरेटर स्क्रीनवरून ओरडतो, "साहेब, १२ मीटरवर तडा!"

"कुठून?"

"मॅनहोलपासून."

"मॅनहोल दोन असतात, बाळा."

पुढचं प्रवचन पोरांना तोंडपाठ आहे. पाणी कुठे वाहतं हा पाइपचा धर्म, कॅमेरा कुठून शिरला ही आपली सोय. दोन्ही वेगळं लिहायचं. ३० मीटरच्या लाइनीत कॅमेरा खालच्या मॅनहोलमधून वर चढला असेल, तर हाच तडा वरच्या मॅनहोलपासून १८ मीटरवर. बाजूंचंही तसंच. पाइपचा घेर घड्याळासारखा वाचतात: माथा १२, तळ ६. प्रवाहाबरोबर जाताना ३ वर दिसलेलं घराचं कनेक्शन उलट जाताना ९ वर दिसतं. १२ आणि ६ तेवढे कुठूनही बघा, जागचे हलत नाहीत. माथ्यावरच्या तड्यांवर म्हणूनच साहेबांचा विशेष जीव.

"पण साहेब, पाणी कॅमेऱ्याकडेच येतंय की!" एखादा नवखा धीर करतो.

"तुंबलेल्या पाण्याची साक्ष काढतोस? लेव्हल घे." दोन्ही टोकांना पाइपच्या तळाची लेव्हल घेतल्याशिवाय नकाशावर प्रवाहाचा बाण काढायची कुणाची टाप नाही.

गाळामुळे कॅमेरा मध्येच अडकला की साहेबांचा सणच. पहिला सर्व्हे अर्धवट सोडल्याची नोंद करायची, मग दुसऱ्या टोकाने कॅमेरा घालायचा. पाइप एक, फेऱ्या दोन, दिशा विरुद्ध. ऑपरेटरनं सवयीनं दोन्हीकडे 'प्रवाहाबरोबर' लिहिलेलं असतंच. ते खोडताना साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पगाराच्या दिवशीही दिसत नाही.

घरीही सुटका नाही. "अहो, साखर डावीकडच्या डब्यात आहे," असं बाईंनी आतून सांगितलं, की हे विचारणार, "ओट्याकडे तोंड करून डावीकडे, की पाठ करून?" या घरात पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा मिळतो तो मधुमेहामुळे नव्हे.

माणूस वैतागवाणा खरा. पण एकदा ते रजेवर असताना एक रिपोर्ट तसाच पुढे गेला. ठेकेदारानं वरच्या मॅनहोलपासून १२ मीटर मोजून भर रहदारीचा रस्ता फोडला. खाली पाइप ठणठणीत! तडा ६ मीटर पुढे. मग दुसरा खड्डा, दुसरं डांबर आणि पहिल्या खड्ड्याचे पैसे कुणी द्यायचे यावर पत्रापत्री. तेव्हापासून सर्व्हेच्या फॉर्मवर 'अंतर कुठल्या मॅनहोलपासून' हा रकाना सक्तीचा आहे. तो रिकामा सापडला, तर रिपोर्ट परत येतो आणि बिल अडकतं.