षट्कोनी दगडांवर सातबारा

डब्लिनहून भल्या सकाळी निघून रात्री परतणाऱ्या एकदिवसीय बससहली ही आयर्लंडच्या पर्यटनातील एक प्रस्थापित संस्था असून, त्यांपैकी अँट्रिमच्या किनाऱ्याकडे जाणारी सहल भारतीय प्रवाशाच्या मनावर विशेष ताण आणते. कारण 1921 साली बेटाची फाळणी झाल्यापासून हा किनारा युनायटेड किंगडममध्ये मोडतो आणि त्यामुळे दुपारचे सँडविच खाण्यासाठी परदेशातून आणखी एका परदेशात जावे लागते. यावरचा उपाय म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना, संक्षेपाने बीआयव्हीएस. तिच्यानुसार भारत व चीन या देशांच्या नागरिकांना एकाच अल्पमुदतीच्या व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते, मात्र व्हिसावर ती अक्षरे छापलेली असावी लागतात.

प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेल्या मध्यमवयीन मराठी प्रवाशाच्या व्हिसावर ती ठळकपणे होती. तथापि, सरकारी माणसासमोर एखादा कागद कमी पडण्यापेक्षा मरण बरे, अशी शिकवण ज्याला तहसील कचेरीच्या बाकावर मिळाली आहे, त्याचे समाधान केवळ व्हिसाने होत नाही. म्हणून त्याने नाडी बांधलेली एक फाइल सोबत घेतली होती, आणि तीत आयकर विवरणपत्रे, बँकेचा उतारा, कार्यालयाचे शिक्क्यानिशी रजापत्र, गृहनिर्माण संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि सर्वांत खाली सातबारा, म्हणजे जमिनीचे हक्क सांगणारा गाव नमुना सात व पिकांची नोंद ठेवणारा नमुना बारा यांचा एकत्रित उतारा, अशी सामग्री होती.

या दोन देशांमधील सरहद्द सुमारे 500 किलोमीटर लांबीची असली, तरी 1998 च्या शांतता करारानंतर तिच्यावरील लष्करी चौक्या उठल्यामुळे ती ओळखण्याच्या खुणा फार क्षीण आहेत: रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगमर्यादेचे फलक किलोमीटर सोडून मैल बोलू लागतात. प्रवासी फाइल मांडीवर घेऊन, पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडा धरून, चेहऱ्यावर निरपराधपणाचा भाव आणून बसला होता. सरहद्द कधी येणार, असे त्याने विचारले तेव्हा ती मागेच गेल्याचे कळले. सुटकेऐवजी त्याला अपमान वाटला, ही गोष्ट मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्याजोगी आहे. ज्या कागदांसाठी तलाठ्याकडे चार खेपा घातल्या, ते पाहण्याची तसदी दोन सार्वभौम राष्ट्रांपैकी एकानेही घेतली नव्हती.

त्यानंतर दुतर्फा बीचवृक्षांची प्रसिद्ध कमान, सामन माशांच्या कोळ्यांनी प्रथम बांधलेला कॅरिक-अ-रीडचा दोरपूल आणि कड्याच्या टोकावरचा डनलूस किल्ल्याचा भग्नावशेष ही स्थळे आली व गेली.

जायंट्स कॉजवे हे सहलीचे मुख्य ठिकाण. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि त्यातून बहुतांशी षट्कोनी असे सुमारे 40,000 बेसाल्टचे खांब तयार झाले. 1986 पासून हा जागतिक वारसा आहे. स्थानिक कथेनुसार मात्र फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जाऊन भांडता यावे म्हणून ही वाट बांधली, आणि स्टॅफा बेटावरही असेच खांब असल्याने भूगोलाने त्याला थोडी साक्षही दिली आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब याच जातीचे आणि वयाने याहून थोडे थोरच, परंतु त्यांच्याभोवती इमारती आहेत आणि ते पाहायला कोणी बस काढत नाही.

या खांबांवर चमकदार जाकीट घातलेला एक कर्मचारी निसरड्या दगडांपासून लोकांना मागे हटवत होता. दिवसभरात दिसलेला हा पहिला गणवेश. त्याने हात वर करताच प्रवाशाने सवयीने नाडी सोडली, आणि ज्या क्षणाची फाइल इतके दिवस वाट पाहत होती, तो क्षण अटलांटिकच्या वाऱ्याने साधला. आयकर विवरणपत्रे स्कॉटलंडच्या दिशेने निघाली. रजापत्र एका जर्मन बाईंच्या टोपीला चिकटले. थकबाकी नसल्याचा दाखला लाटेवर गेला, त्यामुळे थकबाकी नसल्याचा पुरावा आता उरलेला नाही. आणि पर्यटकांच्या एका शाळकरी गटाने बँकेच्या उताऱ्याचा पाठलाग इतक्या निष्ठेने केला की प्रवाशाची शिल्लक किमान तीन देशांना ठाऊक झाली.

सातबारा एका वृद्ध आयरिश शेतकऱ्याने बुटाखाली दाबून वाचवला. लिपी न वाचताही तो कागद जमिनीचा आहे, हे रकाने आणि आकडे पाहून त्याने ओळखले. त्याच्या देशातही कुळे जमिनीची मालक व्हावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडा झाला आणि 1903 च्या कायद्याने त्या मालकीला मोठा वेग दिला. त्याने क्षेत्र विचारले. दोन हेक्टर वीस आर म्हणजे साडेपाच एकराला जरा कमी, असा हिशेब त्याने मनातच केला, मग काय पिकते, पाणी आहे का, हे विचारले. व्हिसाबद्दल विचारले नाही. वस्तुतः तो उतारा जुना होता, कोणत्याही कचेरीने घेतला नसता. वारसनोंद झाल्यावर मयताच्या नावाला कंस पडतो. या उताऱ्यावर प्रवाशाच्या वडिलांच्या नावाला तो अजून पडलेला नव्हता, आणि तो बाळगण्याचे कारण एवढेच होते. शेतकऱ्याने बुटाची माती बाहीने पुसून कागद परत दिला.

बस त्यामुळे उशिरा सुटली, आणि वाहकाने डोकी मोजताना या प्रवाशापाशी केलेला उसासा पूर्णतः अनावश्यक होता. परतीच्या वाटेवरही कोणी काही तपासले नाही. पण मधूनमधून तपासणी होते, म्हणून डब्लिनहून या सहलीला निघणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा, व्हिसावरची बीआयव्हीएस ही अक्षरे आधीच पाहून घ्यावीत, चहापाण्यासाठी युरोबरोबर थोडे पौंड ठेवावेत आणि बाकीचे कागद हॉटेलच्या खोलीत, शक्यतो जड वस्तूखाली, ठेवून यावेत.