टाकीची उंची

आमच्या घरात रोजनिशी लिहिण्याचा परिपाठ तीर्थरूपांपासून चालत आलेला आहे. आणि त्यांनी तो ज्या निष्ठेने पाळला तीत वाङ्मयीन महत्त्वाकांक्षेचा लवलेशही नसून, डाव्या पानावर घरखर्च व उजव्या पानावर राज्यकारभारातील ठळक घडामोडी लिहून ठेवल्या म्हणजे माणूस दोन्हीकडून एकदम फसत नाही, अशी त्यांची भाबडी समजूत तेवढी होती. गच्चीवरच्या नव्या टाकीचा जमाखर्च मांडण्याच्या निमित्ताने मी परवा त्या जुन्या वह्या काढल्या, आणि दोन्ही पाने एकमेकांकडे इतकी ओळखीने पाहत आहेत असे आढळले, की मधली रेघ वडिलांनी उगाचच आखली असावी असे वाटू लागले.

पहिली वही 1981 सालची. त्याच वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले विराजमान होते. सिमेंटवर त्या काळी नियंत्रण होते, आणि न्हाणीघरामागच्या हौदासाठी वडिलांना पाच गोण्यांचा परवाना हवा होता. डाव्या पानावर नोंद आहे: ‘कचेरीत खेप चौथी. आगगाडीचे भाडे, चहा (कारकुनासह). परवाना नाही.’ त्याच तारखांच्या आसपास उजव्या पानावर, बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांविषयी वर्तमानपत्रांत येऊ लागलेला मजकूर वडिलांनी आपल्या टाकाच्या अक्षरात उतरवलेला आहे. कारकुनाला पाजलेला चहा हीही एक देणगीच होती. परंतु तिच्यापाठी प्रतिष्ठान नसल्यामुळे तिची गणना कोणी केली नाही.

जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट आणि देणग्या यांचा सांधा निकालपत्रात जुळवून दाखवला, अंतुल्यांनी राजीनामा दिला, आणि फेब्रुवारीत केंद्र सरकारने सिमेंट काही अंशी नियंत्रणमुक्त केले! ज्या टंचाईपायी एका मुख्यमंत्र्याचे आसन गेले, ती टंचाई कायद्याने सैल व्हायला महिनाभराचाच काय तो विलंब झाला. वडिलांचा हौद मात्र तोवर चुन्यात बांधून झाला होता, आणि तो आजतागायत गळलेला नाही.

दुसरी वही माझी. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली म्हणजे तिला मागून ढकलणारी बँकर इंजिने पळसदरीच्या माणसाला झोपेतही ओळखू येतात; आणि सरकारी नस्ती घाट कशी चढते हे समजून घ्यायला त्याला याहून अधिक शिक्षण लागत नाही. पुढच्या डब्यातल्या उतारूंना मागे कोण आहे याचा पत्ता नसतो, आणि माथा आला की ढकलणारा गुपचूप सुटून माघारी येतो. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीवर, कोंढाणे धरणाची नस्ती अशीच चढली. 39 मीटर उंचीचे धरण कागदावर 71 मीटरांचे झाले, आणि सुमारे 80 कोटींचा खर्च 328 कोटींवर गेला. वनखात्याची परवानगी, नदीची इच्छा इत्यादी किरकोळ बाबी मागाहून पाहण्याच्या होत्या. 2012 साली बोभाटा झाला, काम थांबले, 2016 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने आरोपपत्र दाखल केले, आणि पुढे प्रकल्प सिडकोकडे गेला. आमच्या गावचा जुना तलाव रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पाजण्यासाठी बांधला. इंजिने भंगारात गेली, पाणी अजून आहे. या तलावाची उंची वाढवण्याची कल्पना इतक्या वर्षांत कोणाला सुचली नाही, यावरून परकी अंमलातील कल्पनादारिद्र्य स्पष्ट व्हावे.

2012 मध्येच सिंचनावरच्या गदारोळात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी 25 सप्टेंबरला, म्हणजे दहा दिवसांचे गणपती अजून मखरात असताना, राजीनामा दिला. नोव्हेंबर सरताना श्वेतपत्रिका आली, आणि 7 डिसेंबरला ते पुन्हा शपथ घेते झाले. गणपतीला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे आर्जवाने विनवावे लागते. उपमुख्यमंत्री त्याच वर्षी, न विनवता येतात, अशी नोंद मी त्या दिवशी उजव्या पानावर केली आणि स्वतःच्या विनोदबुद्धीवर संतुष्ट होऊन निजलो.

त्या संतोषाचे प्रायश्चित्त या फाल्गुनात मिळाले. गच्चीवर चार फुटी चौथऱ्यावर टाकी बसवण्याचे अकरा हजारांत मुकर्रर झाले होते. चौथऱ्याच्या विटा आल्यावर गवंडी डोक्याचे फडके सोडीत म्हणाला, ‘‘काका, एवढ्या उंचीवर शॉवरला जोर कुठनं येणार? नऊ फूट घेऊ. एकदाच काय ते होऊन जाईल.’’ ‘एकदाच काय ते’ हे शब्द इतके मधुर असतात, की त्यांच्यापुढे मंत्रिमंडळे विरघळतात, तिथे माझ्यासारख्या सेवानिवृत्ताची काय कथा! मग नऊ फुटांना लोखंड आले, लोखंडाला वेल्डर आला, वेल्डरला वीज आली, आणि आकडा चव्वेचाळीस हजारांवर स्थिरावला. मी कागदाच्या माथ्यावर ‘सुधारित अंदाजपत्रक’ असे वळणदार अक्षरात लिहून तो सौभाग्यवतींच्या मंजुरीसाठी ठेवला. त्यांनी चष्मा लावला, खालचा आकडा आधी वाचला, मग वरचा, आणि शांतपणे विचारले, ‘‘गवंडी कोंढाण्याहून आणलात का?’’

मंजुरी मिळाली, कारण चौथरा अर्धा झाला होता, आणि अर्धे झालेले काम थांबवणे म्हणजे झालेला खर्च पाण्यात घालणे, हा युक्तिवाद मी केला. हाच युक्तिवाद इतरांच्या तोंडी ऐकून मी वर्षानुवर्षे उजवी पाने काळी केली आहेत.

आता वैशाख आहे. नळाला पाणी येते ते पहाटे, करंगळीएवढ्या धारेने, आणि त्या धारेच्या अंगी नऊ फूट तर सोडाच, गच्चीचा जिना चढण्याचीही ताकद नाही. ती निमूटपणे वडिलांच्या हौदात पडते. त्या हौदातून बादली बुडवून आम्ही स्नाने उरकतो, आणि वर नवी टाकी उन्हात तापून दुपारी ठण्ण ठण्ण वाजते.

काल रात्री वही उघडली. ‘टाकी. उंची नऊ फूट. खर्च चव्वेचाळीस हजार. पाणी नाही.’ एवढे लिहून झाल्यावर ध्यानात आले, की ही नोंद मी सवयीने उजव्या पानावर केली आहे. खोडली नाही.