ड्रॅगन व्हायचंय? पिल्लापासून सुरू कर

पात्रं वठवायच्या टेबलावरच्या खेळात ‘काहीही बनवा, मी सांभाळून घेतो,’ म्हणणाऱ्या गेम मास्टरवर, म्हणजे खेळाचं जग रचून गोष्ट चालवणाऱ्यावर, माझा काडीचा विश्वास नाही. खेळाडू शब्दाला भुलतो, आठवडाभर खपून पात्र रचतो आणि पहिल्याच बैठकीत ऐकतो, ‘हे माझ्या जगात बसत नाही.’ मग ते जग आधी सांगायला काय झालं होतं?

आमच्या टेबलावर एका मैत्रिणीने साठीची स्वयंपाकीण आणली होती. जन्मभर सरदाराच्या मुदपाकखान्यात राबलेली, कुठली किल्ली कुठे टांगलेली असते ते ठाऊक असलेली चोर. कॅरेक्टर शीटवर हत्यार एकच, भाजी चिरायची सुरी. आणि कमरेला तिखटाची पुरचुंडी, शत्रूच्या डोळ्यांत फेकायला. गेम मास्टर म्हणाला, ‘या वयाची बाई भुयारात उतरेल हे पटत नाही.’ त्याच भुयारात सांगाडे तलवार चालवत होते, ते मात्र पटत होतं! मैत्रिणीला तरुण एल्फ तिरंदाज घ्यायला लावली. पुढे ती यायचीच थांबली.

नकाराला माझी हरकत नाही. खुनाचा छडा लावायचा असेल आणि कुणी मनातलं वाचणारा जादूगार आणला, तर नाही म्हणायलाच हवं. सोबत्यांचेच खिसे कापणारा एकलकोंडाही नको. पण कारण सांगा, आणि पात्र लिहून व्हायच्या आत सांगा.

तोंडदेखलं हो म्हणणारा तर याहून वाईट. दर्यावर्दी मंजूर करतो आणि सगळी मोहीम वाळवंटात फिरवतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ १९७४ साली आला, तेव्हाच्या नियमपुस्तिकेतच या भांडणावर तोडगा होता. खेळाडूने जवळपास काहीही व्हावं, फक्त सुरुवात दुबळी हवी. ड्रॅगन व्हायचं तर आधी लहान ड्रॅगन व्हायचं. १९७९ च्या गेम मास्टरसाठीच्या ग्रंथात मात्र गायगॅक्सनेच राक्षसी पात्रांना नाक मुरडलं. लोक असली पात्रं ताकदीच्या हव्यासाने मागतात, ही त्याची शंका खोटी नव्हती. पण ताकदीचा बंदोबस्त पहिल्या नियमात होताच की! मागे उरला तो संशय, आणि बरेच गेम मास्टर आजही प्रत्येक अनोख्या पात्राकडे त्याच नजरेने बघतात. ड्वार्फने जादूगार होऊ नये हे बंधनही पुढे कितीतरी वर्षं नियमातच होतं. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने ते काढलं, आणि खेळ काही बिघडला नाही.

गेम मास्टर रात्र रात्र जागून नकाशे काढतो, हे मी जाणतो. पण गावं, राजे, राक्षस सगळे त्याचेच असतात. खेळाडूच्या वाट्याला एकच जीव येतो.

तेव्हा पहिला फासा पडायच्या आधी एक बैठक घ्या. विचारा, ‘यातलं तुला नेमकं काय खेळायचंय?’ ड्रॅगन मागणाऱ्या एखाद्याला नुसतं उडायचं असतं, दुसऱ्याला सगळ्यांनी आपल्याला घाबरावं असं वाटत असतं. त्यातलं जमेल ते द्या, नाही जमणार ते तिथल्या तिथे सांगा.