हवा धरलीया

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला बंद पडला की ड्रायव्हर मालकाला फोन लावतो, मालक मिस्त्रीला लावतो आणि मिस्त्री "निघालोच" म्हणून जेवायला बसतो. आप्पांना कुणीच फोन करत नाही. ते आलेलेच असतात.

कृष्णाकाठच्या दर गावात एक आप्पा असतो. आमच्या आप्पांच्या बंडीच्या एका खिशात १० आणि १३ चे पाने, दुसऱ्यात दोऱ्यात ओवलेले तांब्याचे वायसर, आणि तोंडात निदान तयार: "हवा धरलीया. दुसरं काय न्हाई." ड्रायव्हरचा हात पुन्हा सेल्फकडे गेला तर खेकसतात, "आरं, बॅटरी बसंल, मग ढकलायला काय तुझा सासरा यील?"

सेल्फ एकदाच मारायची परवानगी मिळते. तेव्हा आप्पांची नजर सायलेन्सरवर. पांढरा धूर निघाला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. काहीच निघालं नाही तर पोचतच नाही. काहीच निघालं नाही की आप्पा खुलतात. पेटण्याबिटण्याच्या भानगडी मिस्त्रीच्या. पोचवणं हे खातं त्यांचं.

मग पहिला प्रश्न, तोही चारचौघांत, मोठ्यानं: "टाकीत डिझेल हाय का?" मालकाचा चेहरा पडतो. काटा अर्धी टाकी दाखवत असतो. पण काटा म्हणजे कंपनीनं बसवलेली थाप, असं आप्पांचं मत. ते झाकण काढून काडी बुडवतात आणि ओली काडी मालकाच्याच डोळ्यांपुढे धरतात. तिथून टाकीचा कॉक, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप आणि शेवटी नोझल. ही वाट कुणी मध्येच सोडलेली त्यांना खपत नाही. "पाटाचं पाणी बघत येतंस तसं ये. तोंडापासनं." फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून पोराला हातपंप मारायला बसवतात. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुडा नसलेली सलग धार. मालकाला फेसातच घाई सुटते. आप्पा धार बोटावर घेतात, वास घेतात, "आनि चार मार" म्हणतात. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायला लावतात, तेव्हा मात्र सगळ्यांना हात मागे घ्यायला लावतात. नोझलची फवार कातडीत घुसते.

दहा जण ओल्या नटाकडे बोट दाखवतील, आप्पा कोरडा नट शोधतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते. तिथल्या बारीक फटीतून डिझेल बाहेर न येता हवाच आत जाते. हे ते इतक्यांदा सांगतात की पोरं पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणतात.

एका हंगामात एक ट्रॅक्टर दर काही मैलांवर मरायचा. थोडा वेळ थांबला की पुन्हा सुरू. फिल्टर बदलला, फीड पंप बदलला, देवाला नारळही झाला. आप्पांनी टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स! खंडेनवमीला थोरल्या पोरानं ट्रॅक्टर हौसेनं रंगवला होता आणि त्यात झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. डिझेल जात होतं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. आप्पांनी काकींच्या अंबाड्यातली पिन घालून भोक मोकळं केलं. ती पिन घरी काही परत गेली नाही.

काकींचं दुखणं एवढंच नाही. तांब्याचा जुना वायसर चुलीत लाल करून पाण्यात टाकला की मऊ पडतो आणि पुन्हा गच्च बसतो. आता हे काम आप्पांना भाकरी तव्यावर असतानाच कसं आठवतं, ते देव जाणे. "एक दिस वायसरच वाढीन तुमास्नी," काकी म्हणतात.

आप्पांचा स्वतःचा ट्रॅक्टर म्हणजे एचएमटीचा झेटॉर २५११. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. पिंजोरच्या कारखान्यात हे ट्रॅक्टर १९७१ पासून बनायला लागले. २०१६ साली सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. आप्पांच्या लेखी ती बातमी खोटी, कारण त्यांचा ट्रॅक्टर चालतोय. खरं म्हणजे गावात सगळ्यात जास्त वेळा तोच बंद पडतो. हरवलेल्या झाकणाच्या जागी आप्पांनी जुन्या धोतराचा बोळा कोंबलाय, त्याचे धागे कॉकमध्ये अडकतात. हे त्यांना सांगायची कुणाची छाती नाही.

२०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागले आणि इंजिनावर वायरींचं जाळं आलं. पुतण्यानं तसला एक घेतला. तो बंद पडला तेव्हा आप्पांनी त्याला दोन फेऱ्या मारल्या. झाकण काढलं, काडी बुडवली. डिझेल होतं. हातपंप कुठे दिसेना. मग ते बांधावर बसून राहिले. तालुक्याहून एक पोरगा आला, लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "आजोबा, सेन्सर गेलाय."

आप्पांनी खिशातून दोरा काढला. "कितीचा बसतो?"