सहा नावांची कर्णिका

इटलीत बांधलेली ‘क्राउन प्रिन्सेस’ ही क्रूझ नौका १९९० मध्ये सेवेत आली. रेंझो पियानो या नामवंत वास्तुरचनाकाराने तिला डॉल्फिनसारखा माथा दिला. पुढे नावे बदलत गेली: ‘आरोसा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्युएल’. प्रत्येक सासरी नवा रंग, नवे नाव. सांगाडा मात्र माहेरचाच.

२०१९ मध्ये ती ‘कर्णिका’ होऊन मुंबईत आली. जहाजाची एकोणतिशी म्हणजे निवृत्तीचा उंबरठा. जाहिरातीत मात्र ती भारताच्या पहिल्या प्रीमियम क्रूझची नवी नवरी. प्रवासी गोव्याला निघाले, सेल्फी निघाल्या, वय कुणी काढले नाही.

मग कोरोना आला, तिला चालवणारी कंपनी बुडाली, जहाज तरंगत राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते तोडण्यासाठी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवले गेले. तिथे ना नाव विचारतात, ना वय; पोलाद किती टन, एवढेच विचारतात.