पिक्युलिअर शैलीचा माणूस

परदेशातल्या एका मराठी मंडळाला स्मरणिकेसाठी लेखकमहाशयांचा परिचय हवा होता. इंग्रजीत, दोन ओळींत. दोन ओळींत आपण मावू, असं कुणाला वाटावं याचाच त्यांना आधी राग आला. मग त्यांनी झोकात लिहिलं, ‘पिक्युलिअर शैलीचे लेखक.’

पुतणी वाचून हसत सुटली. “काका, तुम्ही चक्रम आहात असं वाटेल लोकांना!”

“मग व्हेरी युनिक?”

त्यात ‘व्हेरी’ बसत नाही, ती म्हणाली. युनिक म्हणजे एकच. एकच कमी-जास्त कसं असेल? इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनं १९२६ सालीच यावर कान उपटलेत. पण महाशयांना ‘व्हेरी’ सोडवेना. शिवाय त्यांच्या गल्लीत युनिक केशकर्तनालय, युनिक क्लासेस आणि युनिक पिठाची गिरणी अशा तीन एकमेव गोष्टी आधीच होत्या. डिस्टिंक्टिव्ह ऐकून त्यांना साबणाचा वास आठवला. सिंग्युलर म्हणजे एकवचनी. आणि बायकोला दिलेलं एकही वचन न पाळलेल्या माणसानं ते लावून घेणं घरात महागात पडलं असतं. कॅरॅक्टरिस्टिक बरा होता. कॅरॅक्टर म्हणजे मुळात ग्रीकांचं कोरायचं हत्यार, मग त्यानं उमटलेला ठसा. पण ‘ठसा उमटवणारे लेखक’ हे तर मराठीत प्रत्येकाच्या सत्काराला म्हणतात.

तेव्हा महाशय पुन्हा पिक्युलिअरकडे वळले आणि तिथून थेट गोठ्यात शिरले. लॅटिनमध्ये ‘पेकुस’ म्हणजे गुरंढोरं. जुन्या काळी तीच मालमत्ता, म्हणून पैशाला ‘पेकुनिया’. आपण गोधन म्हणतो त्यातलंच हे. याच दावणीतला ‘पेकुलियम’ आणि त्यावरून पिक्युलिअर, म्हणजे ज्याचं त्याचं, खासगी. विचित्र हा अर्थ मागाहून चिकटला. लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी आजही ‘रॉयल पिक्युलिअर’ आहे. त्यावर बिशपची सत्ता नाही, थेट राजाची. तिथल्या धर्मगुरूंना कुणी चक्रम म्हणत नाही! आणि ‘एग्रीजस’? तो शब्द मूळचा ‘कळपातून उठून दिसणारा’. पूर्वी तो थोरांना लावत, आता घोडचुकांना. कळपाबाहेर पडलेल्या गुराचं इंग्रजीत काही खरं नाही. पुतणीचा चहा केव्हाच गार झाला होता.

पेकुलियमची एक गोष्ट मात्र त्यांनी तिला सांगितली नाही. रोमन कायद्यात बाप हयात असेतो मुलाच्या नावावर काही नसे. बाप जे थोडंफार त्याच्याकडे वापरायला सोपवी, ते पेकुलियम.

महाशयांच्या वडिलांनी, अण्णांनी, कॉलेजप्रवेशाच्या अर्जासोबत स्वतःच्या हातानं एक चिठ्ठी लिहिली होती. आपल्या मुलात पिक्युलिअर गुण आहेत, असं त्यात इंग्रजीत होतं. खिडकीतल्या कारकुनानं ते मोठ्यानं वाचलं, रांग हसली. अण्णाही हसले, लोक का हसतात ते न कळून. त्यानंतर मुलानं कुठल्याच कचेरीत त्यांना सोबत नेलं नाही. अण्णा गेले तेव्हा त्याच्याकडे तीन इंग्रजी शब्दकोश होते, आणि एकातही त्यानं तो शब्द काढून पाहिला नव्हता.

“पिक्युलिअरच राहू दे,” ते म्हणाले.

“हसतील, काका.”

“हसू देत.”

स्मरणिका आली. मुद्रितशोधकानं आपल्या परीनं दुरुस्ती केली होती: ‘पॉप्युलर शैलीचे लेखक.’ चूक कळवायला महाशयांनी पत्र लिहायला घेतलं, दोनदा वाचलं आणि खणात ठेवून दिलं.